प्रोस्टेट कॅन्सरचा रिपोर्ट आला, आता ट्रीटमेंटच्या आधी काय करायचं?

बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला की डॉक्टर पुढं काय सांगतात त्यातलं अर्धं डोक्यात शिरतच नाही, आणि घरी आल्यावर एकच विचार, उद्याच्या उद्या ऑपरेशन करून टाकू आणि मोकळं होऊ. असं वाटणं साहजिकच आहे पण प्रोस्टेटच्या बाबतीत एवढी घाई बहुतेक वेळा लागत नाही. प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, तिच्या आतच असलेला हा कॅन्सर बऱ्याच जणांत खूप सावकाश वाढतो, काही आठवडे विचार करण्यात गेले तरी सहसा काही बिघडत नाही. लघवी पूर्ण तुंबली किंवा पाठ खूप दुखून पायातली ताकद जायला लागली तर मात्र त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, वाट बघत बसायचं नाही.

हे नुसतं धीर देण्यासाठी सांगत नाहीये. ब्रिटनमध्ये प्रोटेक्ट नावाचा मोठा अभ्यास झाला, त्यात १६४३ पुरुषांपैकी काहींचं ऑपरेशन केलं, काहींना रेडिएशन दिलं आणि काहींवर पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ताची तपासणी) करत फक्त लक्ष ठेवलं. १५ वर्षांनंतरचे निकाल २०२३ मध्ये आले, तर प्रोस्टेट कॅन्सरनं मृत्यू झालेले १०० मध्ये साधारण ३ होते आणि तिन्ही गटांत त्यात फारसा फरक नव्हता. लक्ष ठेवलेल्या गटात कॅन्सर पसरण्याचं प्रमाण मात्र जास्त होतं, सुमारे ९ टक्के, बाकी दोन्हीकडं ५ च्या आसपास. म्हणजे नुसतं लक्ष ठेवणं हाही खरा पर्याय आहे, पण कोणासाठी ते रिपोर्ट बघूनच ठरतं.

रिपोर्टमध्ये ग्लीसन स्कोअर, म्हणजे कॅन्सरच्या पेशी किती आक्रमक दिसतात त्याचा आकडा, नीट बघा. १० पैकी ६ वाचून लोक हबकतात, पण बायोप्सीत कॅन्सर निघाला तर आजकाल ६ हाच सगळ्यात कमी आकडा असतो! आणि ७ असेल तर तो ३+४ आहे की ४+३ हे नक्की विचारा, कारण पहिला आकडा जास्त प्रमाणात दिसलेल्या पेशींचा असतो आणि ४ म्हणजे जास्त आक्रमक, त्यामुळं बेरीज तीच असली तरी ४+३ जास्त गंभीर.

ऑपरेशन ठरलं तर माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तयारी पेल्विक फ्लोअरच्या, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंच्या, व्यायामाची, आणि नेमकी तीच राहून जाते. प्रोस्टेट मूत्राशयाच्या अगदी खाली असते, ती काढली की लघवी धरून ठेवायचं बरंचसं काम या स्नायूंवर येतं, म्हणून सुरुवातीला खोकला आला किंवा खुर्चीतून उठलं तरी थोडी लघवी होते. ते स्नायू आधीच तयार असले तर कंट्रोल लवकर यायला मदत होते. ओळखायचे कसे, तर गॅस अडवताना जे आत ओढलं जातं तेच. श्वास रोखायचा नाही, पोट आणि मांड्या सैल ठेवायच्या, काही सेकंद आवळून धरायचं आणि तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचं, दिवसातून दोन-तीनदा. ऑपरेशननंतर लघवीची नळी असेपर्यंत हा व्यायाम बंद, ती निघाली की डॉक्टरांना विचारून परत सुरू.

रेडिएशनची तयारी वेगळी असते. बऱ्याच ठिकाणी मूत्राशय बऱ्यापैकी भरलेलं आणि गुदाशय रिकामं ठेवायला सांगतात, कारण त्यानं प्रोस्टेट रोज साधारण त्याच जागी राहते आणि आजूबाजूच्या भागाला किरण कमी लागतात. हार्मोनची इंजेक्शनं सुरू होणार असतील तर टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन खूप खाली येतं, अंगातून गरम वाफा येतात, थकवा येतो, हाडं आणि स्नायू दोन्ही कमकुवत होतात, म्हणून चालणं आणि थोडं वजन उचलण्याचा व्यायाम पहिल्या दिवसापासूनच हवा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर ते आधीच सांगा, स्वतःच्या मनानं बंद करू नका. सिगारेट असेल तर आजच सोडा.

राहिली ती गोष्ट जी कोणी तोंडातून काढत नाही. ऑपरेशन असो वा रेडिएशन, ताठरता कमी होऊ शकते, आणि ताठरतेच्या नसा प्रोस्टेटला अगदी चिकटून जातात त्यामुळं त्या वाचवता येतील का हे सर्जनला आधीच विचारायचं, शक्यतो बायकोला किंवा जोडीदाराला सोबत घेऊन. अजून मूल हवं असेल तर वीर्य साठवून ठेवण्याबद्दल ट्रीटमेंट सुरू व्हायच्या आधीच डॉक्टरांशी बोला, नंतर ते करणं खूप अवघड होऊन बसतं.