बांबूचे बागफर्निचर (बडोदे)

अंगणात किंवा बागेत कायम उघड्यावर ठेवण्यासाठी केलेली बांबूची बाके, खुर्च्या, टेबले व झोपाळ्याचे सांगाडे. बडोद्यात पावसाळा जून ते सप्टेंबर असतो आणि मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. पावसात बांबू फुगतो, उन्हात आकसून चिरतो. दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या मराठी घरांत झोपाळा हवाच असतो; तो बाहेर टांगायचा तर सांगाडा या दोन्ही ऋतूंना पुरला पाहिजे.

दक्षिण गुजरातच्या डांग जिल्ह्यात मानवेल व काटस या बांबूच्या दोन्ही जाती वाढतात. त्या पट्ट्यातील कोटवाळिया समाजाचा बांबूकाम हा पिढीजात व्यवसाय आहे. मानवेल जवळजवळ भरीव असल्याने पाय व आडव्या दांड्यांना उत्तम. काटस जाड पण पोकळ.

टिकाऊपणाची सुरुवात तोडणीपासून होते, पॉलिशपासून नव्हे. बांबू किमान तीन वर्षांचा आणि पावसाळ्यानंतर तोडलेला असावा. कोवळ्या बांबूत पिष्ट अधिक. भुंगेरे त्याच्यासाठीच पोखरतात आणि खाली पिवळट भुकटी सांडते. उपाय बोरिक आम्ल व बोरॅक्सचा: १०० लिटर पाण्यात २ किलो बोरिक आम्ल आणि ३ किलो बोरॅक्स. बांबूची साल द्रावण आत घेत नाही, म्हणून गाठींचे आतले पडदे सळईने फोडून तो आठवडाभर किंवा अधिक काळ बुडवतात व सावलीत सुकवतात. मात्र बोरॉनची ही संयुगे पाण्यात विरघळतात. उघड्यावर वरून लेप नसेल, तर पावसात ती हळूहळू धुऊन जातात.

पाणी शिरते ते मुख्यतः कापलेल्या टोकांतून. त्यामुळे प्रत्येक टोक गाठीजवळच कापावे आणि उघडे तोंड बंद करावे. पाय मातीत कधीच पुरू नयेत; दगडावर किंवा फरशीवर टेकवावेत. थेट खिळा ठोकला की बांबू फाटतो. आधी गिरमिटाने भोक पाडून स्टेनलेस स्टीलचा बोल्ट घालावा, वर काथ्याचा किंवा वेताचा घट्ट बांध द्यावा.

लेपासाठी साल हलकी घासून जवसाचे तेल किंवा बाहेरच्या वापराचे वॉर्निश लावतात. उन्हात दोन्ही झिजतात. पावसाळ्याआधी नवा हात द्यावा लागतो. एखाद्या पायाचे टोक कुजलेच, तर चारही पाय वरच्या गाठीजवळ सारखे कापून घेता येतात. बाक थोडे बुटके होते, पण वापरात राहते.