धप-धप-टाळी आणि मूळ संख्या

'क्वीन' या ब्रिटिश बँडचं 'वी विल रॉक यू' हे गाणं १९७७ चं. जेमतेम दोन मिनिटांचं, आणि त्यात ड्रम नाहीत. गिटारही अगदी शेवटी येते. तोवर धप-धप-टाळी आणि माणसांचे आवाज, एवढाच ऐवज. तरी हेडफोन लावून ऐकलं, की आपण प्रचंड गर्दीच्या मधोमध उभे आहोत असं वाटतं.

प्रत्यक्षात लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत मूठभर मंडळी जुन्या लाकडी फळ्यांवर पाय आपटत होती. त्यांची गर्दी केली ती गाणं लिहिणाऱ्या ब्रायन मे यांनी. हा गिटारवाला मुळात भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. बँडपायी अर्धवट सोडलेली पीएचडी त्यांनी २००७ मध्ये पूर्ण केली, तीही सूर्यमालेतल्या धुळीवर!

गर्दीतली माणसं आपल्यापासून वेगवेगळ्या अंतरावर असतात, म्हणून त्यांच्या टाळ्या किंचित मागेपुढे पोचतात. मे यांनी तोच आवाज थोडा थोडा उशिरा पुन्हा वाजवला. पण उशीर ठरवताना एक मेख असते. समजा १०, २०, ३०, ४० मिलिसेकंद असे सारख्या टप्प्यांचे उशीर घेतले, तर दर सेकंदाला १०० वेळा या गतीने आवाजाची पुनरावृत्ती होते आणि टाळीला पोकळ, पत्र्यासारखा गुणगुणाट चिकटतो. कान लगेच ओळखतो, हे यंत्राचं काम. मे यांनी सांगितल्याप्रमाणे त्यांनी ही अंतरं मूळ संख्यांच्या प्रमाणात ठेवली. मूळ संख्यांना १ सोडून सामाईक विभाजक नसतो, त्यामुळे प्रतिध्वनींची नियमित रांग लागत नाही. प्रतिध्वनी वेगळे ऐकू येत नाहीत, माणसं मात्र वाढतात.

मैदानात हा उशीर फुकट मिळतो, आणि नको तेवढा मिळतो. १३ जुलै १९८५ ला 'लाइव्ह एड' या मदतनिधीच्या मैफलीसाठी लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये सुमारे ७२,००० लोक होते. समोर क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बलसारा. हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे मंचापासून १०० मीटरवरच्या माणसाला ठोका ०.२९ सेकंद उशिरा ऐकू येणार आणि त्याची टाळी मंचावर पोचायला तेवढाच वेळ आणखी. गर्दीच्या टाळीवर ताल धरायला गेलेला बँड मागे मागेच पडत जाईल.

मग ही लय मोडत का नाही? मला यातलं खरं कसब वाटतं ते चौथ्या, रिकाम्या मात्रेत. गाण्याची लय मिनिटाला सुमारे ८१ ठोके. त्या हिशेबाने धप, धप, टाळी आणि मोकळी जागा या प्रत्येकाला साधारण ०.३७ सेकंद मिळतात. १०० मीटरवरून मंचावर जाऊन-येऊन ०.५८ सेकंद उशिरा पोचणारी टाळीही त्या मोकळ्या जागेतच विरते, पुढच्या धपवर चढत नाही. पार मागच्या रांगेतल्यांचं थोडं डळमळत असणार, पण तेवढं चालतं.

क्वीननं हेच गाणं मैफलींत ड्रम-गिटारसह दुप्पट जोशात, वेगानंही वाजवलं आहे. १९७९ च्या 'लाइव्ह किलर्स' अल्बमची सुरुवातच त्याने होते. झकास वाजवलंय, वाद नाही. पण त्यात ती रिकामी मात्रा वाद्यांनी भरून टाकली आहे आणि टाळी वाजवणाऱ्याला शिरायला जागाच उरत नाही.