मिक्सरचं बटण आणि चादरीचं कार्ड

सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात संगीत नाटकाचा प्रयोग लागला, की साउंड ऑपरेटरच्या बोटांना उसंत नसते. पात्र विंगेत गेलं रे गेलं, त्याचा कॉलर माईक बंद करायचा, नाहीतर आतली कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत पोचलीच म्हणून समजा. परत एंट्री असेल तर पहिल्या अक्षराच्या आत माईक चालू. सगळ्या माईकांचे आवाज एकत्र करून कमीजास्त करणारं यंत्र म्हणजे मिक्सर. डिजिटल मिक्सर हे काम आपलं आपण करतो, पण त्यासाठी आधी बटणाचा स्वभावच बदलावा लागला.

जुन्या साध्या अ‍ॅनालॉग मिक्सरवर म्यूटचं, म्हणजे आवाज बंद करण्याचं बटण दाबलं की खटकन आत अडकून बसायचं. चॅनल, म्हणजे एका माईकची मिक्सरमधली वाट, चालू की बंद, हे त्या बटणातच असायचं. फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची सरकती दांडी, आपोआप वरखाली करायला मोटर लावता येते. १९७०च्या दशकात नीव्ह कंपनीच्या ‘नेकॅम’ यंत्रणेने ते करून दाखवलं. पण शेकडो बटणांना मोटर कोण लावणार? म्हणून डिजिटल मिक्सरचं बटण दाबून सोडलं की पुन्हा वर येतं. चालू-बंदची नोंद मेमरीत राहते, दिवा ती फक्त दाखवतो. मग ती नोंद बोटाने बदलली काय नि संगणकाने बदलली काय, मिक्सरला सारखंच.

आता जपून ठेवायचं काय? ‘इथे बटण दाबलं’ एवढीच नोंद ठेवली तर फसगत ठरलेली. तालमीत दुसऱ्या अंकापासून सुरुवात केली, की आधीची दाबादाबी झालेलीच नसते. बंद हवा तो माईक चालू, चालू हवा तो बंद. त्यामुळे ‘बदल’ असं न लिहिता ‘बंद’ किंवा ‘चालू’ असं स्पष्ट लिहावं लागतं. सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. जॅकार्डच्या मागावर चादरीची नक्षी याच हिशेबाने निघते. जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४च्या सुमारास फ्रान्समध्ये आणलेल्या या यंत्रात कार्डावर छिद्र असेल तिथला उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. आडवा धागा एकदा गेला की पुढचं कार्ड. प्रत्येक कार्ड धागे उचलणाऱ्या सगळ्या हुकांची स्थिती नव्याने सांगतं, आधी काय झालं ते विचारतच नाही. मिक्सरमधला ‘सीन’, म्हणजे सगळ्या चॅनलांची एकत्र जपून ठेवलेली स्थिती, हे असंच एक कार्ड.

खरी गंमत मात्र आवाजात आहे. आवाजाची उंची सेकंदाला ४८,००० वेळा मोजून तेवढे नमुने घेणाऱ्या मिक्सरमध्ये दोन नमुन्यांत जेमतेम २१ मायक्रोसेकंदांचं अंतर असतं. गायकाच्या आवाजाची लहर ऐन शिखरावर असताना चॅनल एकदम शून्यावर आणला, तर लहरीला कडा पडतो. अशा तुटक कड्यात खालपासून वरपर्यंतच्या सगळ्या कंप्रता थोड्याथोड्या भरलेल्या असतात आणि स्पीकरमधून ‘टक्’ ऐकू येतं. फेज उलटवणारं बटण तर याहून खोडकर: लहर अधिकवरून थेट तेवढ्याच उणेवर जाते, म्हणजे उडी दुप्पट. उपाय साधा आहे. आवाज काही मिलिसेकंदांत उतरवत न्यायचा. पाच मिलिसेकंद धरले तर २४० पायऱ्या होतात. कानाला ते तत्काळच वाटतं, पण टक् जातं.

कुठला सीन कधी लावायचा, याचे दोन मार्ग. रेकॉर्ड केलेल्या संगीतावर कार्यक्रम असेल तर टाइमकोड, म्हणजे रेकॉर्डिंगसोबत धावणारं घड्याळ, बरा. आपल्याकडच्या व्हिडिओत सेकंदाला २५ फ्रेम धरतात, म्हणजे फ्रेमला ४० मिलिसेकंद. नाटकात मात्र टाइमकोड माझ्या मते निरुपयोगी. टाळी पडली की नट थांबतो, लहर लागली की पदरची दोन वाक्यं टाकतो. तिथे वाक्य कानावर पडताच ऑपरेटरने पुढच्या सीनचं बटण दाबावं, हेच खरं.

आणि एक माईक प्रयोगाच्या मध्येच खरखरायला लागला तर? ऑपरेटर तो हाताने म्यूट करतो, पण पुढचा सीन आला की मिक्सर आज्ञाधारकपणे तो पुन्हा चालू करतो. यासाठी ‘रिकॉल सेफ’ ही सोय असते. ती लावली की तेवढा चॅनल सीनच्या हुकमातून सुटतो. माईकला ४८ व्होल्ट पुरवणाऱ्या फँटम पॉवरच्या बटणालाही, जिथे सोय असेल तिथे, हेच कुलूप आधीपासून लावून ठेवावं. ते भलत्या वेळी चालू-बंद झालं तर स्पीकरमधून निघणाऱ्या धप्प आवाजाने पहिली रांग दचकते.