सातविणीखाली सातचा पाढा

बडोद्यातल्या दांडिया बाजारात आम्ही काही जण संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेतो. त्यात पाचवीतला एक मुलगा आहे. घरात रोजची भांडणं, वडिलांच्या कामाचा भरवसा नाही. सातचा पाढा दर वेळी 'सात चोक'ला अडायचा आणि डोळे दाराकडे जायचे.

एका रविवारी सकाळी मुलांना कमाटी बागेत नेलं. सातविणीची खाली आलेली फांदी दाखवून म्हटलं, पानं मोजा. या झाडाची पानं एकेका पेराभोवती चक्रासारखी लागतात. नावातच सात, म्हणून मीही सातच धरून चालले होते. तो लगेच परत आला. "ताई, इथे सहाच आहेत. आणि तिकडे पाच!" मग पाऊण तास तो चक्रं मोजून वहीत मांडत होता. सगळ्या आकड्यांची बेरीज करून चक्रांच्या संख्येनं भागायला सांगितलं, तेव्हा सरासरीही शिकून झाली.

हे लक्ष वर्गात कुठे जातं?

मिशिगन विद्यापीठातले रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दाम्पत्यानं दोन प्रकारचं लक्ष वेगळं केलं. एक मुद्दाम लावावं लागतं: फळ्याकडे बघायचं, बाकीचं सगळं मागे सारायचं. हे लक्ष वापरलं की थकतं. दुसरं आपोआप लागतं: पानांची सळसळ, मुंग्यांची रांग. त्याला जोर लागत नाही आणि तेवढ्या वेळात पहिल्याला विसावा मिळतो. घरी सतत कानोसा घेत जगणाऱ्या मुलाची ही शिदोरी शाळेत पोचेपर्यंतच सरत आलेली असते. त्याला आपण आळशी म्हणतो, याचं मला फार वाईट वाटतं.

इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी 2009 साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्थिर बसणं अवघड जाण्याची अवस्था) असलेल्या, 7 ते 12 वर्षांच्या 17 मुलांना तीन वेगवेगळ्या ठिकाणी 20-20 मिनिटं चालवलं: बागेत, शहराच्या गजबजलेल्या भागात आणि वस्तीत. नंतर ऐकलेले आकडे उलट क्रमानं म्हणायला लावले. बागेतून आल्यावर मुलांना ते सर्वांत चांगलं जमलं. मुलं थोडी होती, त्यामुळे एवढ्यावरून मोठा दावा करू नये. पण जर्मनीत हायडेलबर्गच्या पाचवी-सहावीच्या मुलांचा आठवड्यातला एक दिवस वर्षभर जंगलात भरवला, तेव्हा कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाची पातळी दिवस चढेल तशी उतरत गेली. निरोगी शरीरात ती तशीच उतरते. वर्गात बसलेल्या मुलांमध्ये मात्र तशी घट दिसली नाही.

पालक म्हणतात, बागेत फिरून अभ्यास बुडतो. त्यांना मी 2018 सालचा अमेरिकेतला अभ्यास सांगते. तिसरीच्या वर्गांना काही धडे शाळेजवळच्या हिरवळीवर दिले, काही वर्गात, आणि त्यानंतरच्या वर्गातल्या तासाकडे पाहिलं. हिरवळीवरून आलेल्या मुलांना शिकवताना मध्ये थांबून "इकडे लक्ष दे" म्हणण्याची वेळ शिक्षकांवर जवळजवळ निम्म्यानं कमी आली.

झाड हे काही औषध नव्हे. अक्षरंच ओळखायला अडणाऱ्या मुलाला त्यासाठीचं वेगळं, नेमकं शिक्षण लागतंच. आमच्याकडे उन्हाळ्यात नऊनंतर बाग भाजते, आणि विश्वामित्रीच्या काठाला आम्ही मुलांना मुळीच फिरकू देत नाही, मगरी आहेत. पण बाकीच्या सकाळी मोकळ्याच असतात. सयाजीरावांनी 1893 साली अमरेली भागात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि 1906 साली साऱ्या संस्थानात. मूल शाळेत यावं यासाठी या गावाच्या राजानं एवढं केलं. आलेलं मूल तिथे टिकावं म्हणून 1879 सालची ही बाग आपल्या हाताशी आहे.

सात चोक अठ्ठावीस आता येतं. गेल्या रविवारी त्यानं वहीत दोन रकाने पाडले: फांदीच्या टोकाकडची चक्रं एकीकडे, बुंध्याकडची दुसरीकडे. कुठे पानं जास्त, ते त्याला बघायचं आहे.