विकिपीडियाची असाइनमेंट मिळालीय? कोणता लेख घ्यायचा, पात्रता काय, कागदपत्रं काय

कॉलेजमधे विकिपीडियाची असाइनमेंट मिळाली की निम्मा वर्ग शिवाजी महाराज, सचिन तेंडुलकर, पुणे असेच लेख उघडून बसतो आणि तिथेच अडकतो. हे लेख आधीच बरेच मोठे झालेले असतात, वादाचे असले तर बऱ्याचदा सुरक्षित केलेले असतात म्हणजे नव्या अकाउंटवरून एडिट होतच नाही. त्यामुळे लेख निवडण्यात एक आठवडा गेला तरी चालेल, पण निवड नीट करा.

पात्रता: वयाची, शिक्षणाची अट नाही. फी नाही, आधार, मार्कशीट काही लागत नाही, कुणी मागितलं तर देऊ नका. ईमेलची सक्ती नाही पण टाकाच, पासवर्ड विसरलात तर तोच कामी येतो. एका माणसाचं एक अकाउंट, पाच जणांच्या ग्रुपने मिळून एकच काढलेलं चालत नाही, कॉलेजच्या नावाचं युजरनेमही नको. खरं नाव टाकायची गरज नाही आणि माझ्या मते विद्यार्थ्यांनी टाकूच नये, कारण प्रत्येक एडिटसोबत ते लेखाच्या इतिहासात, म्हणजे कुणी कधी काय बदललं त्या यादीत, सगळ्यांना दिसत राहतं. आणि हो, अकाउंट घरून आपल्या मोबाइल डेटावर काढून या, कारण एका आयपी ॲड्रेसवरून दिवसाला साधारण ६ च अकाउंट काढता येतात, अख्खा वर्ग लॅबमधे एकदम बसला की सातव्यापासून एरर सुरू.

आता कागदपत्रं. खरं कागदपत्र एकच, सोर्सची यादी, आणि ती लेख ठरवायच्या आधी हातात पाहिजे. विषय कितीही आवडता असू दे, त्याच्यावर दुसऱ्या कुणी, म्हणजे त्या विषयाशी हितसंबंध नसलेल्या कुणी, छापलेलं काही सापडत नसेल तर सोडून द्या. समजा निघोजचे रांजणखळगे घेतले, कुकडी नदीच्या पात्रातले, पारनेर तालुक्यातले. विश्वकोशात रांजणखळग्यांबद्दल काय आहे, जिल्ह्याच्या गॅझेटियरमधे (जिल्ह्याची माहिती देणारा सरकारी ग्रंथ) काय आहे, भूगोलाच्या पुस्तकात ते कसे तयार होतात ते बघा (पाण्यासोबत गोल फिरणारे दगडगोटे खडक कोरत जातात), पेपरमधल्या बातम्या काढा. तीन-चार चांगले सोर्स मिळाले तर विषय पक्का. व्हॉट्सॲप फॉरवर्ड, कुणाचा ब्लॉग, विकिपीडियाचाच दुसरा लेख, हे सोर्स नाहीत. स्वतःचं कॉलेज, मामांची संस्था, गावचे नेते हे विषय टाळा, तिथे तटस्थ लिहिणं फार अवघड जातं.

मग तो लेख उघडा. दोन-चार ओळींचा किंवा संदर्भच नसलेला असेल तर तुमच्यासाठी एकदम योग्य, नवा लेख सुरू करण्यापेक्षा असा लेख वाढवणं कधीही सोपं. गावांवरचे कितीतरी लेख एकाच छापाचे आहेत, तिथे खूप काम बाकी आहे. चर्चा पान (प्रत्येक लेखाला जोडलेलं, त्या लेखाबद्दल बोलायचं पान) वाचा, इतिहास बघा, सध्या कुणी त्यावर काम करत असेल तर दुसरा घ्या. शिक्षकांनी आउटरीच डॅशबोर्डवर (वर्गाचं विकिपीडियावरचं काम एका जागी दाखवणारी वेबसाइट) कोर्स तयार केला असेल तर तिथे लेख आपल्या नावावर लावून घ्या म्हणजे दोघांची टक्कर होत नाही.

कॉपी-पेस्टबद्दल मात्र मी कडकच बोलणार. २०११ मधे पुण्यातल्या काही कॉलेजांत इंग्रजी विकिपीडियावर असाच उपक्रम झाला होता आणि कॉपीराइटचा मजकूर इतका आला की तो बंद करावा लागला, साफसफाई तिथल्या स्वयंसेवकांच्या डोक्यावर. विश्वकोशातलाही मजकूर जसाच्या तसा उचलायचा नाही, वाचा, बाजूला ठेवा, आपल्या वाक्यात लिहा आणि संदर्भ द्या. इंग्रजी विकिपीडियावरून भाषांतर चालतं, पण बदलाच्या सारांशात (एडिट जतन करताना काय बदललं ते लिहायची छोटी चौकट) मूळ लेखाची लिंक द्यावी लागते, आणि मशीनने केलेलं भाषांतर न वाचता टाकू नका.

लेख ठरला की त्याच्या चर्चा पानावर दोन ओळी लिहा, काय वाढवणार आणि कोणत्या सोर्सवरून, मग पहिला मसुदा आपल्या धूळपाटीवर (आपल्या अकाउंटचं सरावाचं पान, सँडबॉक्स) करा आणि तो शिक्षकांना दाखवूनच मुख्य लेखात न्या.