टाइम ट्रायलचा दम आणि बंचचा दम: ओपन गटात नाव कधी द्यावं?

हिवाळ्यात नागपूर परिसरात सायकल रेसच्या नोंदण्या सुरू झाल्या की फॉर्मवरचा एक रकाना बऱ्याच जणांना अडवून धरतो: गट कोणता? हायब्रीड, रोड बाइक, वयोगट की थेट ओपन, म्हणजे सगळ्यांना खुला असलेला वरचा गट? मग हिशोब मांडला जातो तो टाइम ट्रायलवरून, म्हणजे एकट्याने घड्याळाविरुद्ध मारलेल्या वेळेवरून. ‘२० किलोमीटर ३२ मिनिटांत मारले, ओपनवाल्यांची सरासरीही ३८–३९ असते, म्हणजे आपण बसतो त्यात.’ हिशोब चुकतो तो इथेच. सरासरी वेग तोच असला तरी टाइम ट्रायल आणि मास स्टार्ट रेस (जिथे सगळे एकत्र सुटतात) पायांकडून फार वेगवेगळी कामं मागतात.

ब्रिटनमध्ये हा निर्णय बराचसा पद्धतच घेते. सगळ्यात खालच्या, चौथ्या गटातून तिसऱ्यात जायला १२ गुण लागतात, तिसऱ्यातून दुसऱ्यात जायला ४०, दुसऱ्यातून पहिल्यात जायला २००. हे गुण रोड आणि सर्किट रेसमध्ये, म्हणजे बंचमध्ये (एकत्र धावणाऱ्या रायडरच्या घोळक्यात) नंबर आला की मिळतात. आपल्याकडच्या हौशी रेसमध्ये गट ठरतो तो मुख्यतः वय आणि सायकलचा प्रकार बघून. वर कधी जायचं हे ज्याचं त्यानेच ठरवायचं असतं, त्यामुळे नेमकं काय मोजायचं हे कळायला हवं.

आधी टाइम ट्रायल. रायडर एकेक करून ठरावीक अंतराने सुटतात आणि दुसऱ्याच्या मागे लपायला बंदी असते. वारा पूर्ण तुमचा एकट्याचा. ७० किलोचा रायडर ८ किलोच्या रोड बाइकवर सपाट रस्त्याने ताशी ४० ने जाताना सुमारे ३०० वॉट लावतो आणि शेवटपर्यंत तेवढेच लावत राहतो. इथे कस लागतो एफटीपीचा, म्हणजे तासभर टिकेल अशा ताकदीचा. २० मिनिटांची पूर्ण जोराची टेस्ट द्यायची आणि सरासरी वॉटला ०.९५ ने गुणायचं, की अंदाजे एफटीपी मिळतो. बंचमधून आलेला रायडर टाइम ट्रायलमध्ये फसतो तो सहसा पहिल्या दोन मिनिटांत जास्त जोर लावल्यामुळे. ते सुधारायला दोन-तीन प्रयत्न पुरतात.

उलटा प्रवास मात्र अवघड आहे. बंचमध्ये ताशी ४० ला नीट आडोशाला बसलेल्या त्याच ७० किलोच्या रायडरला २१० वॉटच्या आसपास पुरतात. म्हणून पहिली दहा मिनिटं टाइम ट्रायलवाल्याला रेस सोपी वाटते आणि तो आपण होऊन पुढे येऊन ओढायला लागतो. तो ३०० लावतोय, मागचे २१० वर बसलेत. तो बाजूला झाला की अटॅक येतो, म्हणजे मागचा कोणीतरी अचानक जोर लावून निसटतो, आणि तो नेमका त्याच क्षणी यावा यासाठीच मागचे थांबलेले असतात.

खरी परीक्षा वळणावर होते. दीड किलोमीटरचं, चार काटकोनी वळणांचं सर्किट घ्या. पाचव्या नंबरवरचा रायडर वळणातून ३४ च्या वेगाने बाहेर येतो. ८ सेकंदांत ४२ गाठायला त्याला ४०० च्या आसपास वॉट लागतात. शेपटीतल्या रायडरला पुढचे सगळे ब्रेक मारतात म्हणून २२ पर्यंत उतरावं लागतं. तेवढ्याच ८ सेकंदांत ४२ वर जायला त्याला ६०० च्या वर लागतात. अशा २५ फेऱ्या म्हणजे १०० झटके. दोघांचा सरासरी वेग सारखाच दिसेल, पण शेपटीतला माणूस पंधराव्या फेरीला सुटतो आणि घरी येऊन म्हणतो, ‘एफटीपी कमी पडला.’ कमी पडली ती वळणाआधीची जागा, आणि झटक्यानंतर पुन्हा झटका मारायची सवय.

बाइक कॉम्प्युटरवर हा फरक ताडता येतो. नॉर्मलाइज्ड पॉवरला (झटक्यांना जास्त वजन देऊन काढलेल्या सरासरीला) साध्या सरासरी पॉवरने भागा. टाइम ट्रायलमध्ये उत्तर १.०२–१.०५ च्या घरात येतं. वळणांच्या सर्किटवर ते सहज १.१५ च्या पुढे जातं. तुमच्या सगळ्या राइडमध्ये हा आकडा १.०५ च्या आतच असेल, तर तुमचे पाय एकाच चालीला सरावलेत.

नागपुरात हे जास्त घडतं, त्याला कारण आहे. इथला पाया लांब पल्ल्याचा. २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी रेस अक्रॉस अमेरिका, म्हणजे अमेरिका आडवी पार करायची रेस, एकट्याने पूर्ण केली, आणि शहरातल्या अनेकांना सायकलिंग म्हटलं की आधी ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत लांब अंतर पार करायची राइड, आठवते. पण २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात आणि तिथे नंबर नसतात. ती चिकाटी मोलाची आहेच, फक्त बंचमधल्या झटक्यांसाठी वेगळी तयारी लागते. शिवाय आसपासचे रस्ते सपाट आणि सरळ, त्यामुळे चाल बदलायची वेळच क्वचित येते.

सपाटीवर एक गोष्ट मात्र उत्तम शिकता येते: आडवा वारा. उन्हाळ्यात पश्चिमेकडून वारा सुटला की जबलपूर रोडवर मनसरकडे जाताना तो डावीकडून लागतो. आडोसा पुढच्याच्या उजव्या मागच्या बाजूला मिळतो, तिरकी रांग दुभाजकाकडे सरकते. परतताना वारा उजवीकडून, आडोसा डावीकडे, म्हणजे डांबराच्या कडेला. तिथे सहा-सात जण मावतात, नंतरचे कडेच्या एका रेषेत अडकून पूर्ण वारा खातात. रेस इथेच फुटते. चौघापाचांनी पहाटे, मोकळ्या लेनमध्ये, ही रांग धरून आळीपाळीने पुढे येण्याचा सराव करावा. पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी आपलं पुढचं चाक किती आत घालायचं, याचा अंदाज तिथेच येतो. तो जरा वळला आणि चाक चाकाला लागलं तर पडतो तो मागचा.

झटक्यांसाठी आठवड्यातून दोन दिवस पुरेत. एक दिवस ४० सेकंद जोर, २० सेकंद हलकं, असं दहा वेळा. मध्ये ५ मिनिटं आराम, असे दोन-तीन सेट. दुसऱ्या दिवशी फुटाळ्याकडून सेमिनरी हिल्सकडे चढणाऱ्या रस्त्यावर बसूनच वेग वाढवायचा, वर पोचल्यावर न थांबता अर्धा मिनिट ताण धरायचा. शेवटचं अर्धं मिनिट सगळ्यात महत्त्वाचं, कारण अटॅक करणारा चढ संपल्यावर पाय सोडत नाही. वळणांचा सराव वेगळा: ब्रेक वळणाआधी, आतलं पेडल वर, वजन बाहेरच्या पायावर, हात ड्रॉप्सवर (हँडलच्या खाली वळलेल्या भागावर), नजर वळणाच्या शेवटाकडे. २८ मिमीच्या टायरला ७० किलोच्या रायडरने ७०–७५ पीएसआय ठेवावं. १०० भरून आलेला टायर खडबडीत डांबरावर उड्या मारतो आणि वळणावर पकड सोडतो.

सायकलवरचा एरोबारही (हँडलवर बसवलेला, हात टेकायचा पुढे आलेला दांडा) आदल्या दिवशी काढा. मास स्टार्टमध्ये तो चालत नाही, कारण त्यावर टेकलेले हात ब्रेकपासून लांब असतात.

आता नाव द्यायचं कधी? खालच्या गटात एकट्याने पुढे निघून जिंकलात, तर तुमचा टाइम ट्रायलचा दम सिद्ध झाला. ओपनमध्ये तसं निघू देत नाहीत. आमच्या मते सलग तीन मास स्टार्टमध्ये बंचबरोबर पहिल्या दहात येणारा रायडर, एकही जिंकला नसला तरी, जास्त तयार असतो. त्यात एक अट घाला: शेवटच्या पाच फेऱ्यांत प्रत्येक वळण पहिल्या पंधरांत राहून घेता आलं पाहिजे. अंतरही तपासा. ओपनची रेस बहुधा लांब असते, म्हणून दोन तास दमदार चालवून झाल्यावर पाच मिनिटांची पूर्ण जोराची टेस्ट द्या. ताज्या पायांच्या आकड्यापेक्षा ती १० टक्क्यांहून जास्त घसरत असेल, तर अजून एक मोसम आहे त्याच गटात काढा. घसरत नसेल, तर एफटीपी ओपनवाल्यांपेक्षा दहा-पंधरा वॉट कमी असला तरी नाव द्या, आणि स्टार्टला दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत उभे राहा.