मेंदूला साखर किती, हे ठरवतं कोण?

रक्त-मेंदू अडसर, म्हणजे मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची घट्ट भिंत, वाटेल त्याला आत सोडत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. रंग टोचल्यावर सारं शरीर रंगतं आणि मेंदू कोरा राहतो, तो जुना प्रयोगही पाठ असतो. तो सोडून पुढे जाऊ. ग्लुकोजचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो १९६० च्या दशकात. रक्तातली साखर कितीही वाढवली तरी ती मेंदूत शिरण्याचा वेग एका टप्प्यावर अडतो, असं दिसलं; म्हणजे साखर भिंतीपलीकडे नेणारं, ठरावीक संख्येचं वाहक प्रथिन असणार. १९८५ मध्ये त्याचा जनुक हाती लागला. वाहकाचं नाव ग्लुट-१, ४९२ अमिनो आम्लांची साखळी. तांबड्या पेशींवर असते तीच. स्नायूंतल्या ग्लुट-४ या भावंड वाहकाची हालचाल इन्सुलिनवर चालते, तशी याची चालत नाही.

खरा वाद वेगळाच. साखर दीर्घकाळ चढी राहिली तर अडसर आपले वाहक कमी करतो का? १९८१ मध्ये, साखर दीर्घकाळ चढी असलेल्या उंदरांवर मोजमाप झालं. साखर आत नेण्याची, १०० ग्रॅम मेंदूमागे मिनिटाला ४०० मायक्रोमोल असलेली कमाल क्षमता २९० वर उतरली होती, आणि रक्तातली साखर नेहमीच्या पातळीवर आणली तरी मेंदूला वीस टक्के कमीच मिळत होती. निष्कर्ष डॉक्टरांना फार सोयीचा होता. वर्षानुवर्षं शुगर अनियंत्रित असलेल्या माणसाला औषध सुरू होताच, आकडा नॉर्मल असूनही घाम, थरथर का होते, याचं उत्तर त्यात मिळत होतं. १९८८ मध्ये माणसांतही दिसलं की अशा रुग्णांना रक्तातली साखर ७८ (मिग्रॅ प्रति डेसिलीटर) ला उतरताच लक्षणं जाणवतात, निरोगी लोकांना ५३ ला.

पण घाम आणि थरथर येते ती ॲड्रिनलिन आणि त्याच्यासोबत चेतणाऱ्या मज्जातंतूंमुळे. ती लवकर सुरू झाली एवढ्यावरून वाहक घटले असं सिद्ध होत नाही, आणि हा फरक त्या काळी बऱ्याच जणांनी गिळून टाकला. त्याच दशकात दुसऱ्या प्रयोगशाळांना उंदरांत घट सापडलीच नाही. पद्धती वेगळ्या होत्या, हे खरं. तरी पाठ्यपुस्तकांत पहिला निकालच जास्त मिरवला. उलट बाजूला असा गोंधळ नाही: साखर दीर्घकाळ कमी ठेवली की उंदरांच्या अडसरावरचा ग्लुट-१ वाढतो.

२००१ मध्ये चुंबकीय अनुनादाने (एमआरआयच्याच तत्त्वाने) माणसांच्या मेंदूतली साखर थेट मोजली गेली. रक्तातली पातळी सारखी ठेवल्यावर मधुमेही आणि निरोगी यांत फरक दिसला नाही. प्रकरण मिटलं असं वाटलं, तोच २०१७ मध्ये लठ्ठ आणि टाइप-२ मधुमेही व्यक्तींत रक्तातली साखर २२० च्या आसपास नेऊनही मेंदूतली साखर निरोगी लोकांइतकी वाढली नाही.

मधल्या काळात, १९९१ मध्ये, झटके येणाऱ्या दोन मुलांच्या मणक्यातल्या पाण्यात (मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात) साखर कमी सापडली, रक्तात मात्र ठीक. वाहकाचाच दोष. जनुकातले बदल १९९८ मध्ये सापडले. उपचार कीटोजेनिक, म्हणजे भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी कर्बोदकांच्या आहाराचा, कारण चरबीपासून बनणारे कीटोन मेंदूला इंधन म्हणून चालतात आणि वेगळ्या वाहकाने आत जातात. मधुमेहाच्या वादात अडसराचं काय होतं हे अजून भांडणाचं आहे. वाहकाच्या या आजारात मात्र निदानासाठी तपासायला मणक्यातलं पाणी आणि जनुक पुरतात.